घरकुल मंजूर झालं, आता पुढे काय? जागेच्या कागदापासून स्लॅबपर्यंत पैशाची जुळवणी

आमच्या मोठ्या काकांचं घरकुल मंजूर झालं तेव्हा घरी पेढे वाटले. दुसऱ्याच दिवशी काकांनी जुनं कुडाचं घर पाडलं, कवेलू उतरवून ठेवले, भट्टीवाल्याकडून उधारीवर विटा टाकून घेतल्या आणि मिस्त्रीला इसार पण देऊन टाकला. मग पंचायत समितीतून कळलं की जागा अजून आजोबाच्याच नावावर आहे. आजोबा जाऊन अकरा वर्षं झालेली, चार भाऊ, दोन बहिणी, त्यातली एक तेलंगणात दिलेली, वारस कोणीच चढवलेले नाहीत. पूर्ण पावसाळा काका-काकू गोठ्यात राहिले, एका बाजूला बैल आणि एका बाजूला यांची बाज, काकूला तेव्हापासून जो दमा लागला तो अजून आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातली, बचत गटाचं काम करते. गटातल्या बायांचे घरकुलाचे कागद, बँकेचे फॉर्म सगळं फिरून फिरून माझ्याकडेच येते, आणि दरवेळी मला काकांचीच गोष्ट दिसते. योजना आहेत, पैसा पण येतो, पण लोक कामाला उलट्या टोकाने लागतात, आधी पाडतात, मग कर्ज काढतात आणि सगळ्यात शेवटी कागद शोधतात. म्हणून हे सगळं ज्या क्रमाने करायला पायजे त्याच क्रमाने लिहितेय, जरा लांब होईल पण पूर्ण वाचा.

आधी जागा, मग बाकीचं

ग्रामपंचायतीत जा आणि आपल्या घराचा नमुना ८ काढा. त्यावर कोणाचं नाव आहे ते पाहा, मापं बरोबर आहेत का तेपण पाहा. नाव बापाचं-आज्याचं असेल आणि ते हयात नसतील तर मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि बाकी भावा-बहिणींचं संमतीपत्र जोडून फेरफाराचा अर्ज द्या. बहिणींची सही राहून जाते, लोकांना वाटते तिचं लग्न झालं आता तिचं काय, पण तिचा हक्क असतो आणि नंतर तिच्याच सहीवरून काम अडते. दिवाळीला माहेरी आल्या की तेव्हाच सही घेऊन टाका, मोकळेपणानं बोलून घ्या, लपवून नका घेऊ.

नमुना ८ हा मुळात कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पक्का पुरावा नाही, हे लक्षात असू द्या. आबादीत (गावठाणात) घर असेल आणि तुमच्या गावात स्वामित्व योजनेची ड्रोन मोजणी झाली असेल (ही योजना २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली) तर मिळकत पत्रिका आणि सनद काढून ठेवा. पुढे बँकेत जायचं असेल तर हाच कागद कामी येतो.

सरकारी जागेवर घर असेल तर घाबरून बसू नका. १ जानेवारी २०११ च्या आधीपासून राहत असाल तर राहण्यापुरतं अतिक्रमण नियमानुकूल करायचा २०१८ चा शासन निर्णय आहे. त्यासाठी जुन्या घरपट्टीच्या पावत्या, लाईटचं बिल, मतदार यादीतलं नाव असं जे जुनं सापडेल ते गोळा करा. मी बायांना नेहमी सांगते, जुन्या पावत्या चुलीत घालू नका, पत्र्याच्या पेटीत ठेवा.

पण आपल्या पूर्व विदर्भात एक वेगळी गोष्ट आहे, झुडपी जंगल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत सातबाऱ्यावर हा शब्द असलेल्या जमिनी खूप आहेत, कित्येक ठिकाणी त्यावर वस्त्या, शाळा, स्मशानभूमी उभ्या आहेत. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही वनजमीनच आहे, आणि १२ डिसेंबर १९९६ च्या आधी झालेल्या वाटपाबाबत राज्याने केंद्राची मंजुरी घ्यावी. तेव्हा तुमच्या जागेच्या सातबाऱ्यावर झुडपी जंगल लिहिलं असेल तर एक वीटही लावायच्या आधी तलाठ्याकडून जागेचं वाटप कधी झालं तो कागद मिळवा, नाहीतर पाया भरल्यावर थांबावं लागते.

आणि जागाच नसेल तर? पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे, ५०० चौरस फुटापर्यंत जागा घ्यायला आधी ५०,००० मिळत, आता १ लाखापर्यंत मिळतात. बऱ्याच लोकांना ही माहितीच नसते, घरकुल मंजूर होऊन जागेअभावी परत जाते, हे पाहून जीव तुटतो खरंच.

तुम्ही कोणत्या योजनेत बसता

मोठी योजना म्हणजे प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण, इंदिरा आवासच्या जागी १ एप्रिल २०१६ पासून लागू झाली. बाकी योजना समाजघटकानुसार आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, ओबीसींसाठी २०२३ मधे सुरू झालेली मोदी आवास, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत. कोलाम, माडिया गोंड यांच्यासाठी पीएम-जनमन आहे, त्यात घराला २ लाख मिळतात. आमच्या भागातल्या कोलाम पोडांवर (वस्त्यांवर) अजूनही लोकं साध्या यादीतच नाव शोधत बसतात, त्यांना कोणीतरी जाऊन सांगायला पायजे. आणि मिस्त्रीकाम, सेंट्रिंग, रोड असं काम करून बांधकाम कामगार मंडळात नोंदणी असेल तर अटल बांधकाम कामगार आवास पण विचारून घ्या.

प्रधानमंत्री आवासमधे नाव यादीत असावं लागते. जुनी यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक जात जनगणनेवरची, त्यानंतरची २०१८ ची, तिलाच आपण 'प्रपत्र ड' किंवा नुसतं 'ड यादी' म्हणतो, आणि त्याच्या पुढचा सर्वे आवास प्लस २०२४ या ॲपवरून झाला. कोणत्या यादीत कितव्या नंबरवर आहे ते ग्रामपंचायतीत लेखी विचारा. तोंडी विचारलं की "येईन ना ताई, येईन" एवढंच ऐकू येते.

अपात्र कोण, यावर गावात लय अफवा आहेत. गाडी आहे म्हणून नाव कटलं असं अजून सांगतात, पण २०२४ मधे निकष सैल केले, मोटरसायकल आणि फ्रिज आता आडवे येत नाहीत, आणि घरातल्या कोणाचीही महिन्याची कमाई १०,००० च्या वर नको ही अट १५,००० वर नेली. तीनचाकी-चारचाकी गाडी, ट्रॅक्टर, सरकारी नोकरी, आयकर हे अजून आडवे येतात. अडीच एकर किंवा जास्त ओलीत, पाच एकर किंवा जास्त कोरडवाहू जमीन, आणि ५०,००० किंवा त्यावर मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड, हेपण. आपल्याकडे कापूस-सोयाबीनवाला बराच शेतकरी या कार्डाच्या अटीत अडकते. मला ही अट चुकीची वाटते, कारण ते कर्ज आहे, कमाई नाही, पण आज नियम तसा आहे.

चुकून नाव कटलं असेल तर ग्रामसभेत मांडा आणि गटविकास अधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्या. ओसी घेतल्याशिवाय कोणताच अर्ज देऊन येऊ नका, शिक्का आणि तारीख असलेली प्रत आपल्याजवळ पायजेच.

बँक खातं, इथे पैसे अडकतात

आधार, रोजगार हमीचं जॉब कार्ड, राशन कार्ड, जातीचा दाखला (लागत असेल तिथे), पासबुक आणि जागेचा कागद एवढी फाईल करा. आधारवर 'सुनिता' आणि जॉब कार्डावर 'सुनीता' असंही चालत नाही, आधीच सारखं करून घ्या. घर बाईच्या नावाने किंवा दोघांच्या नावाने घ्या, योजनेचंही तेच सांगणं आहे.

आता खरी अडचण. हप्ता थेट खात्यात येतो, आणि त्याच खात्याच्या बँकेत पीक कर्ज थकलेलं असलं तर खातं होल्डवर टाकलेलं असते. आमच्या गटातल्या एका मावशीचे १५,००० असेच दोन महिने अडकले, पायाचा खड्डा खणून ठेवलेला आणि वरून अवकाळी पाऊस. शेवटी पंचायत समितीचं पत्र नेऊन, तीन चकरा मारून पैसे मोकळे झाले. म्हणून जिथे कर्ज नाही अशा बँकेत किंवा पोस्टात वेगळं खातं उघडा, त्याला आधार जोडा आणि जोडलं गेलं का ते पैसे यायच्या आधी तपासा.

हिशोब मांडा, वहीत

प्रधानमंत्री आवासमधे साध्या भागात घराला १,२०,००० आणि नक्षलग्रस्त-दुर्गम भागात १,३०,०००. रोजगार हमीतून स्वतःच्या घरावर काम केल्याची ९० दिवसांची मजुरी, दुर्गम भागात ९५ दिवस, २०२५-२६ चा दर ३१२ रुपये होता म्हणजे ९० दिवसांचे २८,०८०. संडासाचे १२,०००, आधी कधी घेतले नसतील तर. आणि या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातल्या घरांना राज्याने एप्रिल २०२५ मधे ५०,००० वाढवून दिले, त्यातले ३५,००० बांधकामाला आणि १५,००० छतावरच्या सोलरला. म्हणजे साध्या भागात बांधकामाचे धरून चालायचे पैसे १,९५,०८०. त्याशिवाय ५ ब्रास रेती फुकट. रेतीचा पास तहसीलमधून घ्यावा लागतो, पास मिळाला तरी घाटावरून घरापर्यंतचं ट्रॅक्टरभाडं तुमचं, ते हिशोबात धरा.

आता घर. कमीत कमी २५ चौरस मीटर म्हणजे २६९ चौरस फूट बांधायचं असते, त्यात स्वयंपाकाची जागा धरून. आमच्या गावात एवढं घर स्लॅब टाकून सव्वातीन लाखांच्या घरात गेलं, टिनपत्र्यावर अडीचच्या आसपास झालं. तुमच्या गावचा भाव मिस्त्रीला विचारून विटा, गिट्टी, लोखंड, सिमेंट, मजुरी असं वेगवेगळं लिहा. खर्च वजा मिळणारे पैसे, जो आकडा उरतो तेवढंच कर्ज किंवा तेवढीच घरची पुंजी लागणार आहे. बहुतेक लोक हे करतच नाहीत, अंदाजानं ६०० फुटाचा पाया मारतात, "एकदाच तं घर होते" म्हणतात, आणि लिंटलपर्यंत (दार-खिडकीच्या वरच्या पट्टीपर्यंत) येऊन पैसा संपतो. हप्ते कामाच्या टप्प्यावर मिळतात, टप्पा पूर्ण नाही तर पुढचा हप्ता नाही. अशी अर्धवट घरं, सळाखी वर आलेल्या आणि आत झुडपं वाढलेली, प्रत्येक गावात दोन-चार आहेतच. दोन खोल्या आता पक्क्या करा, मागे वाढवायला जागा सोडून ठेवा.

बांधकाम

जुनं घर पाडायच्या आधी जिओ टॅगिंग झालं पायजे. अभियंता येऊन जुन्या घराचा आणि नव्या जागेचा फोटो घेतो, तो झाल्याशिवाय कुदळ लावू नका. पहिला हप्ता १५,००० चा, तो मंजुरीनंतर येतो, पुढचे पाया, लिंटल, छत अशा टप्प्यांवर फोटो झाल्यावर. टप्पा झाला की त्याच दिवशी अभियंत्याला फोन करा, फोटो आठ दिवस लांबला की हप्ता त्याहून जास्त लांबतो. रोजगार सेवकाकडून मस्टर (मजुरीचा हजेरीपट) पण तेव्हाच काढायला लावा, काम संपल्यावर मस्टर निघत नाही, आणि २८,००० रुपये असेच हातचे जातात. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त बुडणारा पैसा हाच आहे.

पायाबद्दल जरा जास्त लिहिते, कारण आपली माती काळी. कापसाला सोनं पण घराला वैरीण. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि वरच्यावर भरलेला पाया तिच्यासोबत वर-खाली होते. मग दोन वर्षांत भिंतीला कोपऱ्यातून, खिडकीच्या वरून तिरप्या चिरा पडतात. मुरूम लागेपर्यंत खणा. मुरूम फारच खोल असेल तर खड्डा रुंद घ्या, काळी माती काढून त्यात मुरूम-रेती थराथराने पाणी मारून कुटून भरा, आणि जोत्यावर चारही बाजूंनी लोखंड टाकून काँक्रीटचा बीम फिरवा. मिस्त्री म्हणेल गरज नाही, ऐकू नका, इथले दोन पैसे वाचवू नका, रंगाचे वाचवा, टाइल्सचे वाचवा. घराभोवती दोन-तीन फुटांचा उताराचा पक्का पट्टा करा म्हणजे छताचं पाणी पायाशी मुरणार नाही. आणि झाड पायाजवळ नको.

कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या बाजूला असाल तर वीज केंद्राच्या राखेच्या विटांचा भाव विचारा, सारख्या मापाच्या असतात आणि प्लास्टर कमी लागते. स्लॅबवर उन्हाळ्याच्या आधी चुन्याचा पांढरा हात मारला तर आत राहवते, नाहीतर मे मधे पंखा गरम हवाच फेकते.

वेळेचं गणित असं की मजूर कापूस वेचणीत अडकलेले असतात तेव्हा मिळत नाहीत, मे मधे मिळतात पण तेव्हा पाणी नसते आणि स्लॅबला पाणी मारायला दोन-तीन आठवडे तरी लागते. म्हणून पाया दिवाळीनंतर लगेच, भिंती जानेवारी-फेब्रुवारीत आणि स्लॅब मार्चमधे, विहिरीला पाणी असतानाच. मृग लागायच्या आत डोक्यावर छत पायजे. मंजुरीपासून साधारण वर्षभरात घर पूर्ण करायचं असते, तेही बसते यात.

उरलेल्या पैशाचं कर्ज

सगळ्यात आधी गट. उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) मधला बचत गट नियमित चालत असेल तर बँक लिंकेजचं कर्ज ३ लाखापर्यंत ७ टक्क्यांनी मिळते आणि तारण लागत नाही. हे कर्ज पूर्ण गटाला असते, तुम्हाला त्यातले तीस-चाळीस हजार मिळतील, पण छपाई, दार-खिडक्या यात निघून जातात. गटाचं कर्ज घेतलं तर हप्ता चुकवू नका, तुमच्यामुळे बाकी नऊ बायांचं अडते.

दुसरं, घरकुलाच्या लाभार्थ्याला बँकेकडून ७०,००० पर्यंत कर्ज मागता येते, योजनेतच तशी सोय आहे. शाखेत हो म्हणतीलच असं नाही, मंजुरी आदेशाची प्रत लावून लेखी अर्ज द्या आणि नाही म्हणत असतील तर कारण लेखी मागा. ९ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतले तर महिन्याला १,४५० च्या आसपास हप्ता बसतो. आपली कमाई महिन्याची नसते, कापूस-सोयाबीन विकल्यावर हातात येते, म्हणून सहामाही हप्ता बसवून देता का ते विचारा.

तिसरं म्हणजे दारावर येणाऱ्या फायनान्सवाल्या कंपन्या. इथे मला सगळ्यात जास्त कळकळ आहे, कारण आमच्याच मोहल्ल्यात एका घरात तीन कंपन्यांचे हप्ते चालू होते, एकीचा भरायला दुसरीचं घेतलं, आणि शेवटी ताईचं मंगळसूत्र मोडलं. रिझर्व्ह बँकेचा १ एप्रिल २०२२ पासूनचा नियम असा की वर्षाला ३ लाखापर्यंत कमाई असलेल्या घराला दिलेल्या अशा कर्जाला तारण घेता येत नाही, सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या कमाईच्या निम्म्याच्या वर जायला नको, आणि मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. हे त्यांना तोंडावर सांगा.

आणि व्याज 'फ्लॅट' आहे की 'घटत्या बाकीवर', हे विचारल्याशिवाय सही करू नका. १ लाख रुपये ३ वर्षांसाठी १२ टक्के फ्लॅटने घेतले तर व्याज ३६,००० जाते, तेच १२ टक्के घटत्या बाकीवर असलं तर साधारण १९,६००. आकडा एकच, फरक १६,००० च्या वर.

सावकार शेवटी पण नको. लायसनवाल्याला बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर घेता येत नाही, आणि गावात चालते शेकडा ३ ते ५ महिन्याचे, म्हणजे वर्षाचे ३६ ते ६०. जमिनीची खरेदी लिहून घेतली असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार होते, अवैध सावकारीतली जमीन परत मिळायची तरतूद त्यात आहे.

घराचे कागद ठेवून कर्ज घेतलं असेल तर पूर्ण फेडल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत मिळाले पायजेत, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम आहे.

घर झालं, पण रस्ता-नाली?

हे एकट्याने होत नाही, ग्रामसभेतून होते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या सभा ठरलेल्या. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा तिथेच ठरतो, आणि आराखड्यात काम नसलं तर पैसा असूनही होत नाही. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या पैशातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता, म्हणून नाली किंवा नळाची मागणी रस्त्यापेक्षा लवकर बसायची. बाकी वस्तीनुसार वेगळा निधी आहे, दलित वस्ती सुधार, तांडा वस्ती, आदिवासी वस्तीला ठक्कर बाप्पा. पेसा गाव (आदिवासी अनुसूचित क्षेत्रातलं) असेल तर ५ टक्के अबंध निधी, तो कशावर खर्च करायचा ते ग्रामसभेने ठरवायचं असते.

जंगलाला लागून गाव असेल तर वनहक्क कायद्याचं कलम ३(२) माहीत करून घ्या. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पाण्याची लाईन, रस्ता, समाजमंदिर अशा १३ सोयींसाठी १ हेक्टरच्या आतली वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते, हेक्टरी ७५ च्या वर झाडं तुटायला नको एवढी अट. घरासाठी हे कलम नाही, पण घराशेजारच्या अंगणवाडीसाठी आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मधे सामूहिक वनहक्क मिळाला, १,८०० हेक्टरच्या आसपास जंगल, आणि २०११ पासून बांबू विकून त्यांची ग्रामसभा स्वतः पैसा उभा करू लागली. तिथे सगळे निर्णय बसून, एकमताने होतात, वेळ लागते पण नंतर भांडण नसते.

सभेच्या आठ दिवस आधी वस्तीतल्या पंधरा-वीस जणांच्या सह्यांचा अर्ज ग्रामपंचायतीत द्या, ओसी घ्या. आदल्या दिवशीच्या महिला सभेत बायांनी तोच विषय मांडा, तिथला ठराव मोठ्या सभेपुढे जाते. कोरमला (सभा भरायला लागणाऱ्या हजेरीला) मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातले जे कमी ते लागते, म्हणून शेजारणींना घेऊनच जा, आणि इतिवृत्तात आपला ठराव लिहिला गेला का ते सभा उठायच्या आधी वाचून घ्या, मगच सही करा.